वन्सं, मला उलटी झाली!

वन्सं, झाली गं! काल संध्याकाळी, भरल्या हॉलमध्ये, कोणाचाही हात न लागता मला उलटी झाली. आणि नुसती झाली नाही, वर लटकून मी चक्क हसले. उलटी असताना माझं तोंड कसं होतं हे तुला माहितीये. क्लासच्या तन्वी मॅम नेहमी ओरडतात, "ताई, चेहरा! गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा चेहरा नको." काल दूध-बिध काही नव्हतं. झकास हसले.

सकाळपासून कितीदा फोन हातात घेतला आणि तुझ्या नावापर्यंत जाऊन परत ठेवला. तू जाऊन महिनाही झाला नाही, बोटांना कुठे कळतंय ते. तुझ्या पवईच्या ऑफिसातून तुझ्या दादाला, महेशला, निरोप आलाय, शोकसभेसाठी घरच्यांपैकी कोणीतरी चार शब्द लिहून द्या. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष वगैरे. तू आणि मनमिळाऊ! लिफ्टमध्ये कोणी मोठ्याने फोनवर बोलायला लागलं तर त्याला पुढच्या मजल्यावर उतरवणारी बाई तू. ते चार शब्द तुझा दादा लिहील. मला तुला बातमी द्यायचीये. बातम्या दोन आहेत. उलटी ही पहिली. दुसरी आईंची आहे, आणि ती हिच्याहून मोठी आहे. पण ती अशी धाडकन देता येणार नाही, क्रमाने सांगावी लागेल. तेव्हा "पुढे बोल ना वहिनी" करून माझं डोकं खाऊ नकोस.

आपल्या दोघींशिवाय कोणी हे वाचलं तर त्याला वाटेल बाईचं पोट बिघडलंय. म्हणून एकदाच सांगून टाकते. पोल डान्समध्ये डोकं खाली, पाय वर करून खांबाला लटकायचं, त्याला क्लासमध्ये इन्व्हर्ट म्हणतात. तू त्याला उलटी म्हणायचीस. आणि तुला पहिल्यांदा जमलं तेव्हा तू मुलुंडहून फोनवर किंचाळलीस, "वहिनी, मला उलटी झाली! आता परत एकदा करते!" आई मागेच होत्या. त्यांनी कोकम सरबत करून आणलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काय खाल्लंस गो भायर?" ते तू निमूटपणे प्यायलीस आणि मग परत खांबावर चढलीस. तुझा तो ग्लास ठेवल्याचा आवाजसुद्धा मला फोनवर ऐकू आला होता.

आणि "वन्सं" म्हणजे काय ते हल्लीच्या मुलींना ठाऊक नसेल. नवऱ्याच्या बहिणीला पूर्वी तशी हाक मारायचे, पुढे "अहो" लावून. माझं नवीन लग्न झालं होतं, तुला चिडवायला म्हणून मी "अहो वन्सं" म्हटलं. तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "अहो काढ. वन्सं राहू दे, भारी वाटतंय." तेव्हापासून तू मला वन्सं, आणि मी तुझी वहिनी. नणंदा-भावजयांची भांडणं म्हणे जगजाहीर. आपणही भांडलो की. पण स्वयंपाकघरावरून नाही आणि दागिन्यांवरूनही नाही, पोल डान्स क्लासला जाऊन शिकावा की घरी व्हिडिओ बघून, यावरून. असं भांडण आख्ख्या मुंबईत दुसऱ्या कुठल्या नणंद-भावजयीने केलं असेल तर मला आणून दाखव.

सुरुवात तूच केलीस. अंधेरीला लग्नाचे कपडे घेऊन आपण मेट्रो स्टेशनकडे येत होतो, हातात पिशव्या, आणि वरच्या मजल्याच्या काचेतून चकचकीत खांब दिसले. तू भर रस्त्यात थांबलीस. मागून रिक्षावाला शिव्या घालतोय आणि तू बोट दाखवून, "वहिनी, मल्लखांब! मुली करतायत!" मी बोर्ड वाचला आणि म्हटलं, मल्लखांब नाही गं बाई, भलतंच आहे. तू म्हणालीस, "खांब आहे ना? मग चल."

खांब म्हटलं की तुझं काय व्हायचं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. परळच्या आखाड्यात बाबा मिल सुटल्यावर मल्लखांब करायचे, तुला आणि महेशला घेऊन जायचे. महेशला खांब, तुला दोरी. मुलींनी दोरीचा मल्लखांब करायचा, तो लाकडाचा खांब मुलांसाठी, असं तिथे होतं. तुझ्या दादाला खांबात काडीचा रस नव्हता, तो मधेच पळून क्रिकेट खेळायचा. तू दोरीवर लटकून त्या रिकाम्या खांबाकडे बघत बसायचीस. हे तू मला हसत हसत सांगायचीस, पण दरवेळी सांगायचीस.

पहिल्या दिवशी आपण दोघी लेगिंग घालून गेलो. बाकीच्या मुली विशीतल्या, एवढ्याशा चड्ड्या घालून. आपण दोघी चाळिशी ओलांडलेल्या, त्यात मी गणिताची क्लासवाली बाई, मला तर वाटलं आता माझ्या एखाद्या विद्यार्थ्याची ताई भेटणार आणि माझी वाट लागणार. तन्वी मॅमनी सांगितलं, कापडाने खांब धरत नाही, कातडीच धरते, म्हणून कपडे तोकडे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळी मी महेशची बर्म्युडा घालून गेले. तू मात्र आलीच नाहीस. "त्या आरशांसमोर, त्या पोरींसमोर मी पडणार नाही. पडायचंच आहे तर माझ्या घरात, माझ्या गादीवर पडेन." शिवाय आईंना एकटं सोडून घाटकोपर गाठायचं, तिथून अंधेरी, एवढं रोज कोण करणार, हेही होतंच.

मग तू मुलुंडच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि देवघर यांच्या मध्ये, जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचा खांब बसवून घेतलास. बसवायला साकीनाक्याहून माणूस आला होता. सगळं काम संपेपर्यंत गप्प होता बिचारा, आणि जाताना त्याने विचारलं, "मॅडम, बस का पोल घर में क्यूँ?" तू म्हणालीस, "खडे रहने के लिए." तो "अच्छा" म्हणून गेला.

आणि मग ते एरंडेल! अगं, आठवलं की अजून पोट दुखतं. त्याच संध्याकाळी तुझा फोन, "वहिनी, पोल डिफेक्टिव्ह आहे! थांबतच नाही मी त्यावर. चढले की सरळ खाली. परत पाठवू का?" मी विचारलं, काही लावलंस का? "लावलं ना. एरंडेल. चांगलं चोळून चोळून." मी म्हटलं, एरंडेल? तुला कोणी सांगितलं? तर तू एकदम लहान मुलीसारखी म्हणालीस, "बाबा लावायचे ना खांबाला." बाबा लावायचे, खरंय. लाकडाच्या खांबावर कातडी सोलवटू नये म्हणून मल्लखांबाला एरंडेल लावतात. पण स्टीलच्या पोलला तेल म्हणजे संपलं! आमच्याकडे तर क्लासच्या दिवशी अंगाला क्रीमसुद्धा चालत नाही. तू जिचे व्हिडिओ बघून शिकायचीस त्या गोऱ्या बाईने सगळं सांगितलं होतं, पण एरंडेल लावू नका असं सांगायचं तिला स्वप्नात तरी सुचलं असतं का? ते फक्त आपल्याच घरात व्हायचं. मग तू भांड्याच्या साबणाने खांब घासत बसलीस, आणि आईंच्या देवघराला आठवडाभर एरंडेलाचा वास मारत होता.

मी तेव्हा लगेच टोमणा मारला, "बघ! क्लासला आली असतीस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं." झालं. तिथून आपलं भांडण सुरू.

माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. माझं पोट क्लासवर आहे. लॉकडाऊनमध्ये मी स्क्रीनवरून बीजगणित शिकवलंय, मला माहितीये पोरं कॅमेरा बंद करून काय करतात. शिकायला समोर माणूस लागतो. तुझी गोरी बाई स्क्रीनमधून हात बाहेर काढून तुझा खांदा सरळ करणार आहे का? तुझं मनगट दुखायला लागलं तेव्हा कोणाकडे आलीस? तन्वी मॅमनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, वरचा हात पिरगळताय." मनगट दोन आठवड्यांत बरं.

पण तूही काही ऐकणाऱ्यातली नव्हतीस. "व्हिडिओ मागे घेता येतो, वहिनी. तुझ्या मॅमला मागे घेता येतं?" वर, "मी सकाळी गॅसवर कुकर ठेवून तीन शिट्ट्यांत प्रॅक्टिस करते, तू मेट्रोत उभी असतेस." आणि सगळ्यात वाईट, जे मला लागलं, आणि लागलं हे मी तुला कधी कळू दिलं नाही: "तू उलटी होतेस ती मॅमच्या हातावर. त्यांना म्हण एकदा, हात काढा. मग बघू क्लास."

खरं होतं गं ते. काखेत खांब धरायचा, मागे रेलायचं, कंबर उचलायची, गुडघा खांबात अडकवायचा. सगळं मला पाठ. सांगायला सांगितलं तर मी फळ्यावर आकृती काढून दाखवेन. पण पाठीला मॅमचं बोट लागलेलं असलं तरच माझे पाय जमिनीवरून सुटायचे. बोट काढलं की मी तिथेच, ओट्यापाशी उभी असल्यासारखी.

आईंचं काय चाललं होतं ते वेगळंच. बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं, हॉलमध्ये हा खांब कसला, तर आई काय सांगायच्या? "स्लॅबाक टेको दिलोहा." स्लॅबला टेकू! झालं, बातमी फिरली की तुमच्या घराचा स्लॅब खचतोय, आणि सोसायटीचे सेक्रेटरी एका इंजिनीअरला घेऊन दारात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर भीतीने कपाट सरकवलं होतं. तू ऑफिसातून आलीस आणि त्या सेक्रेटरीला शांतपणे सांगितलंस, "स्लॅब ठीक आहे. मी पोल डान्स शिकते." ते इंजिनीअरकडे बघेनात आणि खांबाकडेही बघेनात. पाणीसुद्धा न पिता गेले. आपण दोघी फोनवर लोळून लोळून हसलो. पण हसून झाल्यावर तू म्हणालीस, "टेकू म्हणे. लाज वाटते गं आईला माझी." मी म्हटलं, जुनं माणूस आहे, सोड. तू सोडलं नाहीस.

कारण आई नुसतं बाहेर लपवत नव्हत्या. तू खांबाला हात लावलास की त्या उठायच्या, "माका बघवत नाय" म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घ्यायच्या. रोज. तू तो दाराचा आवाज ऐकायचीस आणि मग वर चढायचीस.

मग आपली जोडी जमली, आणि तीसुद्धा तुझ्या चुकीमुळे! स्टुडिओचा वर्षाचा कार्यक्रम ठरला. मी तुला ओढत रविवारच्या सरावाला आणलं, म्हटलं बघू तरी हिचं ऑनलाइन ज्ञान. तू गिरकी घेतलीस आणि तन्वी मॅम ओरडल्या, "ताई, तुम्ही सगळं डाव्या बाजूने करताय!" क्लासमध्ये मॅम आमच्याकडे पाठ करून उभ्या राहतात, त्यांचा उजवा तो आमचा उजवा. तुझी गोरी बाई स्क्रीनवर तुझ्याकडे तोंड करून. तू आरशात बघितल्यासारखं तिचं बघून केलंस, त्यामुळे तुझं सगळंच उलट. मी टाळी वाजवली, "बघ! म्हणूनच क्लास!" पण मॅम नाचायला लागल्या. एकाच खांबावर दोघी, एक उजवीकडून, एक डावीकडून, असं शिकवायला त्यांना महिने लागतात म्हणे, आणि इथे आयती जोडी मिळाली. तू माझ्याकडे जे काही बघितलंस ना तेव्हा! असं वाटलं, हिला खांबासकट मुलुंडला पाठवून द्यावं.

त्या दिवशी सराव संपल्यावर खाली डोसा खाताना तू बोललीस. चटणी संपली होती, तू वेटरला हाक मारायची विसरलीस, म्हणून माझ्या लक्षात राहिलंय. "वहिनी, कार्यक्रमाला आईला आणायचं. तिला आवडायला नको. तिने शाबासकी द्यायला नको. नुसतं एकदा बघावं, दार न ओढता." मी म्हटलं, आणू. त्यात काय! मी कशाला एवढ्या तोऱ्यात "त्यात काय" म्हटलं, देव जाणे.

मग तुझा ताप आला. त्याचं मी काही लिहिणार नाही. हॉस्पिटलमध्ये तू मला म्हणालीस, "पायाचा अंगठा ताण, वाकडा ठेवतेस." आपलं शेवटचं बोलणं ते. लोक शेवटी काय काय बोलून जातात, तू माझ्या अंगठ्याचा विषय काढलास. राग आला होता तुझा, खरंच. आताही येतोय, रडूही येतंय, आणि काल अंगठा अगदी ताठ होता, हेही तुला सांगायचंय.

तेराव्याच्या आधी महेश म्हणाला, माणसं येतील, तो खांब काढून ठेवू. वाईट मनाने नाही म्हणाला, त्यालाच तो बघवत नव्हता. स्पॅनर घेऊन स्टुलावर चढलासुद्धा. तेवढे दिवस आई कोणाशी धड बोलल्या नव्हत्या, भिंतीला टेकून नुसत्या बसून असायच्या. त्या एकदम म्हणाल्या, "तो खांब हयसून काढूचो नाय." महेश खाली उतरला. तेराव्याला खांब तिथेच होता. गुरुजींनी त्याला आपली पिशवी टेकवली, गावच्या काकांनी उठताना धरायला त्याचा आधार घेतला, आणि कोणी काही विचारलं नाही.

तुझ्यानंतर मी पहिल्यांदा क्लासला गेले तेव्हा पोरी इतक्या प्रेमाने वागल्या की मला तिथे थांबवेना. मॅम म्हणाल्या, "ताई, जोडीचं रद्द करू, किंवा त्यांच्या जागी मी उभी राहते." मी म्हटलं, नाही, मी एकटी करणार, उलटीसकट, आणि हात लावू नका. बोलून तर गेले. आणि जमेना. एकदा नाही, त्या दिवशी नाही, पुढच्या वेळीही नाही. आरशात बाजूची जागा रिकामी दिसायची आणि माझी कंबर उचलायचीच नाही. डोळे पुसत मेट्रोत बसले आणि घाटकोपरला उतरून घरी जायच्या ऐवजी सरळ मुलुंडला गेले.

आई एकट्याच होत्या. मी विचारलं, खांबावर थोडा वेळ चढू का? त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी फोन टीव्हीला टेकवून ठेवला आणि तू पाठवलेला उलटीचा व्हिडिओ लावला. तोच, ज्यात तू सुरुवातीला बोट नाचवून म्हणतेस, "वहिनी, नीट बघ, कोणी हात लावलेला नाही!" हो, वन्सं. मी. क्लासची कट्टर. व्हिडिओ बघून शिकायला उभी राहिले. तू माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून. तुझं सगळं डावीकडून, मी आरशासारखं बघून केलं तर माझं बरोबर उजवीकडून. तुझ्या चुकीचं मी चुकीने केलं की ते बरोबर येतंय, हे लक्षात आल्यावर मी रडता रडता हसायला लागले. थांबवायचं, मागे घ्यायचं, परत बघायचं. तू म्हणायचीस तसं तुला मागे घेता येत होतं. पण पाय तरीही उचलत नव्हते.

आता ऐक. दुसरी बातमी आता येतेय.

मी परत रेलले, परत तिथेच अडकले, आणि मागून आईंचा आवाज आला. "तां असां नाय करी."

'तां' म्हणजे तू, वन्सं. मी वळून बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"तां आदी श्वास सोडी. 'हूं' करून. मगे पाय उचली. तू श्वास धरून ऱ्हवतंस."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर आत जाऊन दार ओढून घ्यायचात."

"दाराक फट आसा मा," आई म्हणाल्या, जसं काही हे सगळ्या जगाला माहीत आहे. "तां पडात म्हणान जीव थाऱ्यार नसायचो. समोर बसलंय तर माजा त्वांड बघून तां घाबरात. म्हणान आत जाय. दार लावलां तरी बघी मी. रोज बघी."

रोज, वन्सं! रोज बघत होत्या! तू चढेपर्यंत तिथे फटीला डोळा लावून उभ्या असायच्या. त्यांना लाज वाटत नव्हती गं, भीती वाटत होती, आणि त्या भीतीचं तोंड तुला दिसू नये म्हणून त्या दार ओढायच्या. तुझा तो "हूं" मला ठाऊक नव्हता. व्हिडिओत ऐकू येत नाही, तू गाणं लावतेस ना मोठ्याने. तन्वी मॅमनाही ठाऊक नसेल. तो फक्त स्वयंपाकघराच्या दारामागे ऐकू यायचा. मी तिथेच खाली बसून इतकी रडले, इतकी रडले की आई म्हणाल्या, "आता ऊठ, नायतर उलटी कशी जातली तुका?" उलटी म्हणाल्या! आपला शब्द! म्हणजे ते कोकम सरबतही त्यांनी सगळं कळूनसवरून... जाऊ दे, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाहीये.

मग मी उठले, "हूं" करून श्वास सोडला, आणि गेले वर. पाठीला कोणाचं बोट नाही. छत पायाखाली, पंखा बाजूला, आणि उलट्या आई हॉलच्या दुसऱ्या टोकाला, तोंडावर पदर, पण डोळे पदराबाहेर. खाली आल्यावर मी नाचले. आई म्हणाल्या, "पुरे, खालचे येतीत." तेव्हाच मी त्यांना विचारून टाकलं, रविवारी अंधेरीला याल का? "कितक्या वाजता?" एवढंच म्हणाल्या.

तर काल. आई ठेवणीतली साडी नेसून आल्या. मेट्रोत त्यांनी स्टीलचा खांब धरला आणि वर-खाली नीट बघितला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो जाडो आसा." तुझ्या खांबाहून हा जाड म्हणे! मला हसू आवरेना. हॉलमध्ये त्या पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी एका मुलीची गुजराती आजी. आईंनी कुठेही दार शोधलं नाही. सगळ्या मुलींचे नाच ताठ बसून बघितले. एकीचा पाय सटकला तेव्हा त्यांनी माझ्या आधी "अगो बाय" केलं.

माझी पाळी आली. आपलं गाणं लागलं. तुझ्या वाट्याच्या गिरक्यांच्या वेळी मी काहीच केलं नाही, एका हाताने खांब धरून नुसती फिरत राहिले, तेवढी जागा तुझी. आणि मग उलटी. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा "हूं" केला. पहिल्या रांगेतून दुसरा "हूं" आला. मी वर गेले, आणि मी हसले ते म्हणून हसले.

खाली उतरल्यावर टाळ्या वाजत असतानाच तन्वी मॅमनी माईक माझ्या तोंडापुढे धरला. त्या सगळ्यांना गमतीत विचारत होत्या, कुठल्या बॅचला शिकलीस, शनिवार की रविवार. माझी दोन वर्षांची फी भरलेली, माझा फोटो तिथल्या भिंतीवर, आणि मी म्हटलं, "उलटी ना? ऑनलाइन. नणंदेकडे." मॅमचे डोळे भरले. बाकीच्यांना वाटलं मी विनोद करतेय, सगळा हॉल हसला. हसू दे. क्लासबद्दल मी जे म्हणते ते म्हणतच राहणार, पण ही एक गोष्ट तुझ्याकडे शिकले, आणि हे मी तुला तोंडावर कधीच सांगितलं नसतं.

मी येऊन आईंच्या पायाशी खाली बसले, घामाघूम. गुजराती आजी आईंकडे वाकून विचारत होत्या, "ननद ने सिखाया बोली? कौन ननद?"

"माजां चेडू, माजी लेक," आई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझं नाव आलं. "रेखा. मुलुंडाक आमच्या घरात तेचो खांब आसा. बघूक येवा कधी."